शनिवारी आलेला रविवार

२०२४ च्या मे महिन्यात चार दिवस माहेरी, नगरला गेले होते. संध्याकाळी समोरच्या काकू पन्ह्याचा तांब्या घेऊन आल्या. दुसऱ्या हातात एक वही होती. दोनशे पानी, तपकिरी पुठ्ठ्याची, किराणा आणि दुधाचा हिशोब लिहायची असते तसली. ‘‘तुला लिहायला काहीतरी लागत असतं ना नेहमी? हे बघ,’’ म्हणाल्या, आणि वही माझ्या मांडीवर ठेवून आईशी बोलायला आत गेल्या.

या काका-काकूंची ओळख करून द्यायला हवी. काका हायस्कूलचे निवृत्त मुख्याध्यापक, वय ६६. आमच्या गल्लीतली निम्मी मुले त्यांच्या हातच्या छड्या खाऊन मोठी झाली, त्यांत माझा धाकटा भाऊही आला. काकू वयाने पाच वर्षांनी लहान. कुष्ठरोग्यांच्या एका रुग्णालयात त्यांनी ३१ वर्षे परिचारिकेची नोकरी केली. दोघे ख्रिस्ती. काका मंडळीच्या कमिटीवर, रविवारी सुटाबुटात उपासनेला सर्वांत पुढच्या बाकावर. नाताळात त्यांच्याकडून आमच्याकडे करंज्या यायच्या, दिवाळीत आमच्याकडून त्यांच्याकडे चकल्या जायच्या, आणि कोणाच्या करंज्या अधिक खुसखुशीत यावरून माझी आई आणि काकू यांच्यात तीस वर्षे अबोल चुरस चालू आहे.

तर हे दोघे त्याच वर्षी फेब्रुवारीत पहिल्यांदा परदेशी जाऊन आले. सहलीला नव्हे. त्यांच्या ओळखीच्या काही मंडळ्यांनी मिळून सहा जणांचा एक गट नेपाळमधील एका ख्रिस्ती कुष्ठरोग रुग्णालयात दहा दिवस सेवेसाठी पाठवला होता. त्यात पुण्याचे एक डॉक्टर होते, रुग्णांसाठी खास चपला बनवणारा एक कारागीर होता, दोन तरुण परिचारिका होत्या. त्या चौघांनी आधी निघून कामाला सुरुवात केली होती. काका-काकू दोन दिवस मागून गेले. खर्च ज्याचा त्याने करायचा होता.

‘‘नेपाळ म्हणजे काय परदेश?’’ भावाने विचारलेच.

‘‘नोटा बदलल्या, घड्याळ बदललं, रविवारसुद्धा बदलला. आणखी काय बदलायला हवं रे तुला?’’ काकूंनी आतूनच उत्तर दिले.

मी या पानावर लिहिते म्हटल्यावर त्यांनी दोन अटी घातल्या. नावे छापायची नाहीत, आणि लिहायचे ते फक्त पहिल्या दिवसाबद्दल. का, तर ‘‘बाकीचे नऊ दिवस नुसतं काम केलं. जे काय घडायचं ते पहिल्याच दिवशी घडून गेलं.’’ काका शेजारीच खुर्चीत बसले होते. ते काही बोलले नाहीत, पण नाही असेही म्हणाले नाहीत.

भावाचा दुसरा प्रश्न जास्त टोकदार होता. आपल्याकडचे रुग्ण संपले म्हणून तिकडे गेलात का? प्रश्न चुकीचा नव्हता. कुष्ठरोगाचे प्रमाण दर दहा हजारांत एकापेक्षा कमी झाल्याचे भारताने २००६ च्या आरंभी जाहीर केले, नेपाळने २०१० मध्ये; तरीही जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक अजूनही भारतातच सापडतात. काकूंना हे आपल्या सर्वांपेक्षा जास्त ठाऊक आहे. त्यांनी जराही आडपडदा न ठेवता सांगितले, ‘‘मला एकदा विमानात बसून कामावर जायचं होतं.’’

यामागे एक जुने पत्र आहे. १९९१ साली काकूंची वेल्लोरजवळच्या करिगिरी येथे प्रशिक्षणासाठी निवड झाली होती. कुष्ठरुग्णांच्या हातापायांची निगा हा विषय, मुदत काही महिन्यांची. त्याच सुमारास काकांना बढती मिळून बदली झाली, सासूबाई अंथरुणाला खिळल्या, मुलगी पाच वर्षांची होती. जाणे रद्द झाले. कोणी भांडले नाही, कोणी रडले नाही. पत्र ट्रंकेत गेले. त्याबद्दल काकू आमच्याकडे एकदाच बोलल्या होत्या, आणि तेही आईला पापड लाटायला मदत करताना. या वेळी बोलावणे आले ते काकूंच्या नावाने. पत्रात त्यांचे नाव, आणि पुढे ‘पतीही सोबत येऊ शकतात’ अशी एक ओळ. आयुष्यभर ‘मुख्याध्यापक व सौ.’ अशा निमंत्रणपत्रिका घेतलेल्या माणसाला ही ओळ कशी लागली असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

त्या पत्रात आणखीही काही सूचना होत्या, त्या काकूंनी काकांना मोठ्याने वाचून दाखवल्या होत्या. गरम कपडे आणा. भारतीय पैसे शंभराच्या किंवा त्याहून लहान नोटांत आणा, त्याहून मोठ्या नोटा त्या काळी नेपाळात चालत नव्हत्या. आणि, धार्मिक पुस्तिका किंवा पत्रके वाटण्यासाठी आणू नका.

शेवटच्या सूचनेचे कारण असे. नेपाळच्या २०१५ च्या राज्यघटनेने देश धर्मनिरपेक्ष ठरवला, पण त्याच घटनेच्या २६ व्या अनुच्छेदाने दुसऱ्याचे धर्मांतर करण्यास मनाई केली. २०१८ च्या ऑगस्टपासून अमलात आलेल्या फौजदारी संहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, आणि परदेशी माणूस असेल तर शिक्षेनंतर त्याची देशाबाहेर रवानगी होते. एखाद्या पाहुण्याच्या उत्साहाने अख्खे रुग्णालय अडचणीत येऊ शकते.

फेब्रुवारीतला तो शनिवार. आदली रात्र दिल्लीच्या विमानतळावर खुर्चीत बसून काढलेली. काकूंच्या वहीत पहिली नोंद आहे: ‘चहा दोन कप’, आणि पुढे जी रक्कम आहे तिच्याखाली दोन रेघा मारल्या आहेत. त्या रेघा का, हे विमानतळावर चहा प्यालेल्यांना सांगायला नको.

दिल्लीहून काठमांडूला जाताना डाव्या बाजूची खिडकी मागावी, हिमालय त्या बाजूला दिसतो. ही माहिती काकूंनी कुणाकुणाला विचारून मिळवली होती. खिडकी मिळाली, आणि तिथे काका बसले. बसमध्ये, रेल्वेत ते नेहमीच खिडकीशी बसतात, त्यात ठरवून काही नव्हते. काकूंनी हिमालय पाहिला तो काकांच्या खांद्यावरून. ‘‘पांढरं दिसत होतं. आधी वाटलं ढगच आहेत. मग लक्षात आलं, ढग खाली आहेत आणि हे त्यांच्याही वर आहे.’’ मी काकांकडे पाहिले. ते म्हणाले, ‘‘येताना खिडकी हिला दिली.’’ काकू म्हणाल्या, ‘‘येताना धुकं होतं.’’

काठमांडूला उतरल्यावर घड्याळे पंधरा मिनिटे पुढे करायची असतात. भारतीयांना व्हिसा लागत नाही, त्यामुळे काकांच्या कोऱ्या करकरीत पासपोर्टात व्हिसाचे पान कोरेच राहिले, याची त्यांना थोडी रुखरुख लागली. पण पाट्या सगळ्या देवनागरीत! काका एकेक पाटी मोठ्याने वाचत निघाले. ‘आगमन’ कळले, ‘शौचालय’ कळले, ‘भन्सार’पाशी मात्र गाडी अडली. भन्सार म्हणजे जकात, सामानाची तपासणी. तिथे रांगेत काकूंना थंडी वाजू लागली म्हणून त्यांनी स्वेटरसाठी काकांची बॅग उघडली. स्वेटरखाली सूट होता, उद्याच्या रविवारसाठी घडी घालून ठेवलेला. आणि सुटाच्या खाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, चाळीस पुस्तिका. नेपाळी भाषेतले शुभवर्तमान.

अडतीस वर्षांच्या संसारात आम्ही भांडलो नाही असे नाही, काकू सांगत होत्या, पण परक्या देशात, रांगेत उभे राहून, कुजबुजत भांडण्याची वेळ पहिलीच.

‘‘पत्र मी वाचून दाखवलं होतं तुम्हाला.’’

‘‘चाळीसच आहेत. मागितलं तरच देणार होतो.’’

‘‘मग सुटाखाली का ठेवलीत?’’

याला काकांकडे उत्तर नव्हते. थोड्या वेळाने ते म्हणाले, ‘‘तुझ्याकडे तुझं काम आहे. मी तिथे येऊन करू काय?’’

‘‘पाणी भरा,’’ काकू म्हणाल्या. रागात बोलून गेल्या. ते शब्दशः खरे होणार आहे हे त्यांना तेव्हा माहीत नव्हते.

इथे मला थोडे स्पष्ट लिहिले पाहिजे. काकांना मी लहानपणापासून ओळखते. त्यांच्या मनात फसवणूक नव्हती. आपल्याला जे सर्वांत मोलाचे वाटते ते दुसऱ्याला द्यावे, एवढेच होते. पण जो माणूस रोजच्या मलमपट्टीसाठी तुमच्यावर अवलंबून आहे, त्याच्या हातात तुम्ही पुस्तक ठेवलेत तर ‘नको’ म्हणायला तो मोकळा असतो का? मला तसे वाटत नाही, आणि मी काकांना हे तोंडावर सांगितले. त्याचबरोबर, प्रत्येक ख्रिस्ती परिचारिकेच्या पिशवीत पुस्तिका दडवलेल्या असतात असे धरून चालणारे लोकही माझ्या परिचयात आहेत. अशांनी काकूंची पिशवी बघायला हवी होती. तिच्यात बँडेज कापायच्या दोन कात्र्या, खोबरेल तेलाची बाटली आणि गोडा मसाला होता.

भन्सारच्या माणसाने बॅगेकडे पाहिलेही नाही. रुग्णालयाची जीप बाहेर उभी होती. चालक तिशीतला, हसतमुख. त्याने हात जोडून ‘जयमसीह’ म्हटले. नेपाळी ख्रिस्ती लोकांचा हा नमस्कार. काकांनी सवयीने ‘सलाम’ केला. मग त्याने हिंदीत विचारले, वाटेत आमच्या मंडळीची उपासना चालू असेल, शेवटचा अर्धा तास मिळेल, येता का?

‘‘आज? आज तर शनिवार,’’ काका म्हणाले.

नेपाळात आठवड्याची सुटी शनिवारी असते. तेव्हा रविवारी कचेऱ्या उघडत, शाळा भरत. म्हणून तिथल्या मंडळ्या बहुतेक शनिवारीच उपासनेला जमतात. काकांचा सूट बॅगेत, अंगावर रात्रभर चुरगळलेला सदरा, दाढी वाढलेली. त्या अवतारात ते आयुष्यात पहिल्यांदा देवाच्या घरात गेले. चपला-बूट बाहेर. बाक नाहीत, सतरंज्या. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. पुढची जागा भरलेली होती, त्यामुळे काका दारापाशी, लहान मुलांच्या मागे बसले. गाणे कळत नव्हते, पण टाळ्यांचा ठेका कळत होता. पलीकडे काकूंच्या शेजारच्या बाईने तान्हे मूल त्यांच्या मांडीवर दिले आणि स्वतः डोळे मिटून प्रार्थना करू लागली. अनोळखी बाईच्या हातात मूल देऊन डोळे मिटायचे! काकू हे सांगताना थांबल्या.

तिथून निघताना चालकाने भूकंपाचे सांगितले. २५ एप्रिल २०१५, शनिवार, दुपारी बाराला चार मिनिटे कमी. तीव्रता ७.८. जवळपास नऊ हजार माणसे गेली. शनिवार असल्यामुळे पुष्कळ मंडळ्या त्या क्षणी उपासनेला बसल्या होत्या आणि काही ठिकाणी छप्पर त्यांच्यावरच कोसळले. पण त्याच शनिवारमुळे शाळा बंद होत्या. हजारो वर्गखोल्या पडल्या, आणि त्या रिकाम्या होत्या. काका जीपमध्ये बराच वेळ बोलले नाहीत. मुख्याध्यापक माणूस. साडेनऊशे मुलांची शाळा चालवलेली. ‘‘मी मनातल्या मनात हजेरी घेत होतो,’’ ते मला म्हणाले.

रस्ता डोंगरातून वळणे घेत चढत होता. शहर मागे पडले, मोहरीची पिवळी वावरे दिसू लागली. या रस्त्यावरून जाताना काकांना जी गोष्ट ठाऊक नव्हती ती मी त्यांना मे महिन्यात, पन्हे पिता पिता सांगितली, ती इथेही सांगून टाकते. नेपाळचे दरवाजे १९५१ पर्यंत परक्यांना जवळजवळ बंदच होते. १९४९ मध्ये मसुरीच्या वुडस्टॉक शाळेतले एक शिक्षक, रॉबर्ट फ्लेमिंग, पक्ष्यांचा अभ्यास करण्याची परवानगी काढून पश्चिम नेपाळात गेले. पक्षी पाहिले, पण माणसांचे आजारही पाहिले. त्यांची पत्नी बेथेल डॉक्टर होती. १९५१-५२ च्या हिवाळ्यात फ्लेमिंग कुटुंब आणि डॉ. कार्ल फ्रेडरिक्स यांचे कुटुंब तानसेनला गेले. नवरा पक्ष्यांचे नमुने गोळा करतो आहे आणि बायको रोगी तपासते आहे, असा तो हिवाळा. पुढे सरकारने दवाखान्यांना परवानगी दिली, आणि निरनिराळ्या ख्रिस्ती संस्थांनी एकत्र येऊन मार्च १९५४ मध्ये ‘युनायटेड मिशन टू नेपाळ’ स्थापन केले. कुठे? आपल्या नागपुरात! अट तेव्हाही हीच होती, सेवा करा, धर्मांतर करू नका. काका ऐकून म्हणाले, ‘‘म्हणजे तो फ्लेमिंगसुद्धा बायकोबरोबरच.’’ मग त्यांनी माझ्याकडे पन्हे आणखी मागितले.

दुपारी जेवण झाल्यावर काकूंनी पहिले काम केले ते पुस्तिकांचे. काकांना घेऊन त्या व्यवस्थापकांकडे गेल्या. ते स्वतः नेपाळी ख्रिस्ती. त्यांनी गठ्ठा पाहिला, हसले, कपाटात ठेवून कुलूप लावले आणि म्हणाले, ‘‘जाताना आठवणीने न्या.’’ ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरे वाटले असते, असे काका म्हणतात.

शनिवार, त्यामुळे बाह्यरुग्ण विभाग बंद होता. पण वॉर्डातल्या जखमांना सुटी नसते. चार वाजता काकू ॲप्रन घालून वॉर्डात गेल्या. मी त्यांना विचारले होते, तुम्ही गेला नसता तर तिथले काम अडले असते का? त्यांनी सरळ सांगितले, ‘‘अजिबात नाही. तिथल्या सिस्टर माझ्यापेक्षा हुशार आहेत. दोघी रजेवर होत्या, तेवढी जागा मी भरली.’’ मला हे उत्तर आवडले. सेवेच्या नावाखाली परदेशात जाऊन एकसारखे टी-शर्ट घालून, आधीच रंगवलेली भिंत पुन्हा रंगवून, फोटो काढून येणारे गट मी पाहिले आहेत. विमानभाड्याच्या पैशांत तिथल्याच रंगाऱ्याला महिनाभर काम मिळाले असते.

वॉर्डात रोज एक ठरलेला कार्यक्रम असतो. कुष्ठरोगात मज्जातंतू मरतात, पाय बधिर होतात. घामही येत नाही, त्यामुळे कातडी कोरडी पडून चिरते. यासाठी रुग्णांनी रोज वीस मिनिटे पाय पाण्यात भिजवायचे, जाड झालेली कातडी खरखरीत दगडाने हलकेच घासायची, मग ओल्या पायांना तेल लावायचे आणि तळपाय उलटून कुठे लाल झाले आहे का, काही टोचले आहे का ते डोळ्यांनी बघायचे. डोळ्यांनीच, कारण पाय स्वतः काही सांगत नाहीत. रोग औषधाने सहा महिन्यांत किंवा वर्षात बरा होतो, ते औषध जगभर मोफत मिळते, आणि उपचार सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत तो रोगी दुसऱ्याला लागण करू शकत नाही. पण मेलेला मज्जातंतू परत येत नाही. ही पायांची निगा जन्मभराची.

चौदा टब होते. काकूंनी काकांना बादली दिली आणि ओट्याजवळचा नळ दाखवला. काकांनी पहिला टब भरला, हात घातला, आणि त्यांचा जीव कळवळला. डोंगरातला फेब्रुवारी, पाणी बर्फासारखे. या थंडीत, या पाण्यात हे म्हातारे लोक पाय घालणार? ते कोणाला न विचारता स्वयंपाकघरात गेले. तिथे मोठ्या पातेल्यात भांड्यांसाठी पाणी तापत होते. ‘तातो पानी’, बाईने हसून बादली भरून दिली. काकांनी ते वाफाळते पाणी आणून एका रुग्णाच्या टबात ओतले. रुग्ण पन्नाशीचा. त्याने काकांकडे पाहून मान हलवली आणि पाय उचलला.

‘‘अहो, थांबा!’’

काकू इतक्या मोठ्याने ओरडल्या की सगळा वॉर्ड वळून बघू लागला. धावत येऊन त्यांनी त्या माणसाचा पाय वरच्या वर धरला. मग आपले कोपर पाण्यात बुडवले आणि तसेच बाहेर काढले. कोपर लाल झाले होते.

त्याला भाजले असते आणि कळले नसते. कातडी सोलून निघाली असती तरी तो काकांकडे बघून तसाच हसत राहिला असता. कुष्ठरोगाने बोटे झडतात असा आपल्याकडे समज आहे. वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांनी आपल्या आयुष्यभराच्या कामातून दाखवून दिले की रोग बोटे खात नाही. वेदना नाहीशी होते, आणि वेदना नसलेला माणूस स्वतःचे हातपाय चटक्यांनी, काट्यांनी, घट्ट चपलांनी हळूहळू गमावतो. काकूंना हे १९९१ च्या आधीपासून पाठ होते. काकांनी ते त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. एकतीस वर्षे बायको ज्या कामावरून घरी येत होती ते काम नेमके काय, हे त्यांनी कधी विचारलेच नव्हते. आल्यावर हात नीट धुतलेस ना, एवढे मात्र रोज विचारीत.

चारचौघांत बायको आपल्यावर ओरडली, याने काकांचा चेहरा पडला. तेव्हा तो रुग्ण बोलला. मराठीत.

‘‘ओरडू नका, सिस्टर. सायबांना माहीत नव्हतं.’’

पुण्यात बारा वर्षे होता तो. आधी एका सोसायटीत रखवालदार, मग एका खाणावळीत. तव्यावरून भाकरी हाताने उचलायचा, चटका लागत नाही म्हणून सगळे त्याला शाबासकी द्यायचे. बोटांवर फोड दिसू लागले तेव्हा मालकाने हिशोब करून घरी पाठवले. नेपाळातून कामासाठी आपल्याकडे येणाऱ्या हजारोंपैकी हा एक. त्याचे मराठी ऐकून काकू थक्क झाल्या.

‘‘नाव काय तुमचं?’’ काकांनी विचारले.

‘‘तिकडं बहादूर म्हणायचे.’’

‘‘तिकडचं नाही. तुमचं?’’

त्याने सांगितले. ते काकूंच्या वहीत आहे, इथे छापत नाही.

रात्री पाहुण्यांच्या खोलीत दोन-दोन रजया घेऊनही झोप येत नव्हती. काका अंधारात म्हणाले, ‘‘आपल्या शाळेत तो वॉचमन होता बघ. सतरा वर्षं. रात्री शिट्टी मारत फिरायचा.’’

‘‘बहादूर,’’ काकू म्हणाल्या.

‘‘हां. त्याचं नाव काय होतं गं?’’

काकूंना माहीत नव्हते. काकांनाही नव्हते. संस्था त्याचा पगार गल्लीगल्लीच्या वर्गणीसारखा रोख देई, कुठे सही नाही, हजेरीपुस्तकात नाव नाही. नगरला परतल्यावर काका दोनदा शाळेत जाऊन जुन्या शिपायांना विचारून आले. एकाला त्याचे गाव आठवते, पश्चिमेकडे कुठेतरी डोंगरात. नाव कोणालाच आठवत नाही. काका अजून विचारताहेत.

पुस्तिका त्यांनी आठवणीने परत आणल्या.

मी वही चाळत राहिले. त्या शनिवारच्या पानावर विमानतळावरचा चहा आहे, शंभराच्या किती नोटा बदलल्या आणि शंभराला एकशे साठ नेपाळी रुपये मिळाले त्याची नोंद आहे, मंडळीत दिलेले दान आहे, काकांसाठी घेतलेल्या लोकरी टोपीची किंमत आहे. सगळ्यात खाली, पेन बदलून, वेगळ्या शाईत लिहिले आहे:

‘संध्या. टब १४. पाणी यांनी आणले. गार.’